डॉक्टरचा उपास

ठकीचं पत्र येऊन सहा वर्षं झाली होती, आणि बळवंतरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र. तिच्या मुलीनं, प्रियंकानं, शाळेच्या अक्षरात लिहून दिलेलं. ‘डाक्टर, तुमी सांगितलं ते समदं केलं. गाय आठ लिटर दूध द्यायची. तिची कालवड दोनवरच थांबते. घरचे म्हंतात, माझ्या हाताला यश नाय. माझं काय चुकलं ते कळवा.’

तेव्हा बळवंतराव जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून पत्र एका पुस्तकात ठेवलं. गेल्या महिन्यात एक लेख वाचताना उत्तर सापडलं, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग चार पानं लिहिली. त्यांत ‘कदाचित’ हा शब्द एकोणीस वेळा आला होता. आठ दिवस ते पाकीट खिशात घालून बोईसरच्या पोस्टापर्यंत जात होते आणि तसेच परत येत होते.

आज पोस्टाच्या भिंतीशी एक माणूस ताडगोळे घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली.

“डाक्टर ना तुमी? वळखलं नाय? मी झिपरू. ठकीचा नवरा.”

बळवंतरावांचा हात आपोआप खिशावर गेला.

“घ्या, सायेब, ताडगोळा घ्या. पैशे नको. तुमच्या त्या गायीची नात आता गाभण हाय. आठवा म्हैना चालूय.”

“खातेपिते ना नीट?”

“कशी खाईल?” झिपरू हसला. “तुमचाच तर नेम. सातवा सरला का पेंड बंद, भरडा बंद, नुसता पेंढा. आमच्या पाड्यात आता समदेच पाळतात. डॉक्टरचा उपास म्हंतात त्याला. आमची म्हातारी तर त्या दिवशी गायीला कुंकू लावते.”

दहा वर्षांपूर्वी झिपरूच्या गोठ्यात आपण काय बोललो, ते बळवंतरावांना शब्दन् शब्द आठवलं. गाय आटवायची आहे, खुराक बंद करा. एवढंच. आठ दिवसांनी दूध आटलं की परत सुरू करा, हे सांगायच्या आधीच बाहेरून जीपवाल्यानं हॉर्न वाजवला होता.

“झिपरूभाऊ,” ते म्हणाले, “तो उपास आठच दिवसांचा होता.”

“म्हंजे?”

“पुढचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. पोटात वासरू वाढायचे ते दोन महिने. आई उपाशी राहिली. आत वासराच्या अंगाला वाटलं, बाहेर दुष्काळ आहे. त्यानं थोडक्यात भागवायची सवय लावून घेतली. रक्त चांगल्या गायीचंच. पण त्यातलं काय जागं ठेवायचं आणि काय झोपवायचं, ते तिथंच ठरून गेलं. कदाचित.”

“पण माघारनं आमी घातलं की! ठकीनं गूळ घातला, सोताच्या ताटातली भाकर घातली.”

“तेव्हा उशीर झाला होता.”

झिपरूनं सुरी खाली ठेवली.

“मंग तिचा हात वंगाळ नाय?”

“नाही.”

“मीच तिला गोठ्यात जाऊ देत नाय, सायेब. सा वरसं झाली. वासरू झालं तरी लांबून बघते. कुडाच्या फटीतनं.”

बळवंतरावांनी पाकीट काढून पुढे केलं. “हे तिला द्या. सगळं लिहिलंय.”

झिपरूनं हात मागे घेतला. “माज्या हाती नको. ती म्हंल, यानंच कुनाकडनं लिवून आनलं, मन राखायला. तिनं टपालानं इचारलं, तुमी टपालानंच सांगा. अजून पोस्टमन पाड्यात शिरला का ती उठून उभी ऱ्हाते. पोरीबी हसतात तिला.”

“आणि गाय?”

“गायीला आजच घालतो.” तो उठलाच. उरलेले ताडगोळे टोपलीत टाकले, टोपली डोक्यावर घेतली. दोन पावलं जाऊन वळला. “आठवा अर्धा सरलाय, डाक्टर. पोटातलं आता ऐकंल ना?”

उत्तराची वाट न बघता तो वाणगावच्या रिक्षांकडे पळत सुटला.

पोस्टात जाऊन त्यांनी दुसरं पाकीट घेतलं. चार पानं घडी करून खिशात परत घातली. काउंटरला दोरीनं बांधलेल्या पेनानं कोऱ्या कागदावर लिहिलं :

‘ठकीताई, तुमचं काही चुकलं नाही. आठ दिवसांनी पेंड परत सुरू करा, हे सांगायला मी विसरलो. गाय माझ्यामुळे उपाशी राहिली. तुम्ही गोठ्यात जा.’

खाली सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

बाहेरच्या लाल पेटीत पाकीट सोडलं. आत ते कशावर पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून बळवंतराव तिथंच उभे राहिले. चार वाजता पोस्टमननं कुलूप काढलं. पेटीत तेवढं एकच पत्र होतं.