मिस मनोरमा आगाशे

साडेआठ झाले तरी मेल आला नाही.

ओवीने फोनची स्क्रीन पुन्हा खाली ओढून पाहिली. ऑक्सफर्डसाठी अर्ज घेणं अबुधाबीच्या घड्याळाने नऊला बंद होणार होतं. अर्ज गेल्याचा बाबांचा मेसेज दुपारीच आला होता: 'सेंट! खलास!' तिची मैत्रीण तनया हिला अर्जाची पोच दहा मिनिटांत मिळाली होती. ओवीला सहा तास होत आले, तरी पत्ता नाही.

संशय कोणावर घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. आई समोरच गवार निवडत बसली होती.

ओवीचा जन्म न्यू जर्सीचा, पासपोर्ट अमेरिकेचा आणि शाळाही अमेरिकन. तिथल्या काउन्सेलर मॅडमना अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज तोंडपाठ. ब्रिटनचं नाव काढलं की "चेक द वेबसाइट" म्हणून त्या मोकळ्या. मग बाबाच कंबर कसून उतरले. दत्तप्रसाद पेठे म्हणजे कामाला वाघ. परीक्षांचे मार्क, टीचरचं शिफारसपत्र, ओवीने लिहिलेली उत्तरं, सगळं त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून भरलं. पासवर्ड त्यांचा आणि फीचा ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर येणार. "तू फक्त अभ्यास कर बेटा, बाकी मी बसलोय ना!" असे बाबा नशिबानेच मिळतात, असं ओवीला मनापासून वाटे. आज फी भरून ते ऑफिसच्या कामाला रियाधला निघाले होते.

आईचं सगळं उलट. इंग्लंड म्हटलं की तिचा चेहरा उतरे. "उत्तर हातात येईपर्यंत काही खरं मानू नकोस," हे तिचं पालुपद. काल तर ती बाबांच्या उघड्या लॅपटॉपसमोर सापडली होती. धूळ पुसत होते म्हणाली. अल रीम बेटावरच्या टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावर, बंद काचांच्या आत, कसली आलीय धूळ?

"आई, टेल मी द ट्रुथ. काल तू काही प्रेस केलंस?"

"मी कशाला करू?"

"मग काय करत होतीस?"

"बघत होते," आई शेंगेची शीर ओढत म्हणाली. "कुठवर आलंय ते."

ओवीचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. बाबांचा फोन अजून विमानातच होता. त्यांनी पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवला असेल म्हणून तिने त्यांच्या कपाटातली कागदपत्रांची फाइल काढली. पासवर्ड नव्हता. विम्याच्या कागदांखाली एक जुनं पाकीट होतं, फोडलेलं, इंग्लंडचा शिक्का असलेलं. वर टाइप केलेलं नाव: मिस मनोरमा आगाशे. रत्नागिरीचा पत्ता खोडून पेनाने डोंबिवलीचा लिहिला होता, केअर ऑफ दत्तप्रसाद पेठे. आत २००३ सालचं पत्र. विद्यापीठात प्रवेश आणि पूर्ण स्कॉलरशिप.

ओवीने नाव पुन्हा वाचलं. म्हणजे बाबांची कोणी मनोरमा इंग्लंडला शिकायला गेली होती आणि तिचं पत्र ते एवढी वर्षं जपत होते! म्हणून आईला इंग्लंड नको होतं तर. तिला आईची दया आली, पण राग जास्त आला. मनोरमाचा सूड आपल्या अर्जावर?

ती तरातरा बाहेर आली आणि पाकीट आईच्या गवारीच्या ताटात टाकलं. "हू इज धिस?"

आईने नाव वाचलं.

"मी," ती म्हणाली. "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'छाया' लिहिलं. मनोरमा जुनाट वाटतं म्हणाले. तेव्हापासून मी छाया."

"पण... मग तू गेली का नाहीस?"

आई खोडलेल्या पत्त्यावरून बोट फिरवत होती. "हे माझ्या वडिलांचं अक्षर. ते शपथेवर सांगायचे, पत्र आलं होतं, मी तुझ्या सासरी धाडलंय. मी दोन वर्षं रोज पोस्टमनला विचारलं गं." तिने पाकीट उलटं करून पाहिलं. "हे म्हणायचे, कुठेतरी गहाळ झालं असेल."

ओवीने पाकिटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नऊ वाजून गेले होते.

तिचा फोन वाजला. बाबा रियाधला उतरले होते.

'मेल नाही ना आला? काळजी करू नकोस बेटा. कुठेतरी गहाळ झाला असेल.'