खालची पट्टी

अमडापुरातल्या त्या बियाण्यांच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वकारला पुन्हा यावं लागलं. कॉम्प्युटरचा टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी, खाली ओढून ठेवला, की दुपारपर्यंत तो आपोआप पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन बसायचा.

"त्याईची सवय होती," शकीलाभाभी म्हणाली. तिचा नवरा, गफ्फारभाई, गेल्या पावसाळ्यात वारला होता. "काउंटरवर बीटी कपाशीच्या पाकिटांची थप्पी लागली, का खालची पट्टी झाकून जाये. म्हणून ते वरच ठेवत."

आता काउंटर मोकळं होतं. बोंडअळीच्या धास्तीनं कपाशीचं बी कोणी मागत नव्हतं, म्हणून भाभीनं यंदा तो मालच भरला नव्हता.

वकारनं टास्कबार खाली घेऊन लॉक केला. "आता नाही हालत, भाभी. पैज लावतो."

भाभी चहा आणायला आत गेली. तो वायर गुंडाळायला काउंटरखाली वाकला. डोक्यावर, काउंटरवर, काहीतरी अलगद ठेवल्याचा आवाज झाला. बी सळसळल्यासारखा. मग पुन्हा. मग पुन्हा.

तो उठला. टास्कबार वर गेला नव्हता. पण खालीही दिसत नव्हता. पडद्यासमोर बीटी कपाशीच्या पाकिटांची थप्पी लागली होती.

भाभी दोन्ही हातांत कप धरून आतल्या दारातच थबकली होती.

"पट्टी वर करून दे, वकार," ती हळूच म्हणाली. "त्याईले दिसून नाही राह्यली."