झाकलेले काटे

"पाय पॅडलवर आहेत ना, जावईबापू? की सासुरवाडीला आल्यासारखे पसरलेत?"

जावयाने थ्रॉटल पुढे ढकलला आणि ते दोन माणसांचं, अंगापेक्षा आवाजानेच मोठं असलेलं विमान धावपट्टीवरून उचललं. उड्डाणात काही चुकलं नव्हतं. पण काही चुकल्यावरच बोलतील तर ते सासरे कसले!

घरी हे गृहस्थ जावयाला अहो-जाहो करत, आग्रह करकरून वाढत. विमानात बसले की तेच अहो-जाहो शिवीसारखं वापरत. उड्डाणाची शाळा त्यांची, परीक्षा घेणारे तेच, आणि परवान्यावरची शेवटची सहीही त्यांचीच. दोनदा त्यांनी ती नाकारली होती. दुसऱ्यांदा तर सगळ्या विद्यार्थ्यांसमोर म्हणाले होते, "यांना मुलगी दिली, ती एक चूक झाली. आता विमान देऊन दुसरी करू?" सगळे खो खो हसले. जावईही हसला, कारण दुसरं काय करणार?

"बाबा तसेच आहेत, मनावर घेऊ नकोस," बायको म्हणाली. त्याने घेतलं. विमानातून पिकांवर फवारणी करणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण आज सही झाली नाही तर ती जाणार होती. आणि हे सासऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

म्हणून आज तो विनवण्या करणार नव्हता. विनवण्या सासऱ्यांनी करायच्या होत्या.

विमानाच्या दोन पंखांत इंधनाच्या दोन टाक्या. कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ डावीकडच्या भिंतीवर, पायलटच्या गुडघ्यापाशी. उजव्या खुर्चीतल्या मास्तरांना ती दिसत नाही. त्यातून सासऱ्यांनी शाळेतल्या सगळ्या विमानांचे इंधनाचे काटे कागद चिकटवून झाकले होते. "काटे खोटं बोलतात," ते म्हणायचे. "उड्डाणाआधी टाकीत काठी घालून स्वतः बघा." उड्डाण नेहमी डाव्या टाकीवर करायचं, हाही त्यांचाच नियम.

आदल्या संध्याकाळी दोन्ही टाक्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन जावयाने उजवी टाकी पार कोरडी केली. डावीत काठी घातली. काठोकाठ. मग हवामानाच्या ऑफिसात जाऊन आला, निवांत चहा घेतला. परतला तेव्हा सासरे विमानापाशी फडक्याने हात पुसत उभे होते.

"या. तुमचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. इतक्या गोड आवाजात ते विमानतळावर कधीच बोलत नसत. सही न करण्याचं आधीच ठरवून आलेत, जावयाने मनाशी म्हटलं, आणि त्याचा उरलासुरला संकोचही गेला.

जंगल सुरू झालं. गर्द, डोंगर उतरून गेलेलं. जावयाने डावा हात सहज खाली नेला आणि कळ उजव्या टाकीवर फिरवली.

थोड्या वेळाने इंजिन खोकलं, आचके दिले आणि गप्प झालं. नुसता वारा ऐकू यायला लागला.

त्याने बाजूला बघितलं. सासरे हाताची घडी घालून बसले होते. चेहऱ्यावर चक्क हसू.

"मग? काय करणार आता?"

"तुम्हीच सांगा, सर."

"मी कशाला सांगू? सही तुम्हाला हवीय."

म्हातारा घाबरत कसा नाही? जावयाचं पित्त खवळलं. ठीक आहे. घाबरेपर्यंत थांबू. त्याने विमानाचं नाक खाली धरलं आणि तरंगत जाऊ दिलं. उजवीकडे उतरण्याजोगं माळरान दिसत होतं. दोघांनीही ते बघितलं आणि दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं. बघता बघता ते डोंगराआड गेलं.

"सुचत नाही ना काही?" सासरे म्हणाले. "तसं तोंडाने म्हणा. मला जमत नाही म्हणा, की मी हातात घेतो."

"तुम्ही म्हणा. वाचवा म्हणा."

"तुम्हाला? वाचवा? आरशात बघा जरा."

झाडं वर येत होती. आता एकेक फांदी वेगळी दिसायला लागली. सासऱ्यांच्या हाताची घडी सुटली. कपाळावर घाम आला. एक हात आपसूक समोरच्या सुकाणूच्या दांड्याकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

जावयाला एवढंच हवं होतं. इतक्या महिन्यांचा पाणउतारा त्या घामाच्या थेंबांत फिटला. त्याने कळ डाव्या टाकीवर आणली, पंप चालू केला. इंजिनाने एक हिसका दिला आणि ते गर्जून उठलं. विमानाने नाक वर काढलं. त्याच्या छातीत आनंद मावेना. आता हा माणूस सही कशी नाकारतो, तेच बघायचं.

"कसं वाटलं, बाबा?" विमानात त्यांना बाबा म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ.

सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरे? अजून उरलं होतं वाटतं थोडं," ते स्वतःशीच पुटपुटले.

जावयाला त्याचा अर्थ लागेना. तेवढ्यात इंजिन पुन्हा खोकलं. एकदा, दोनदा. आणि थांबलं. शेंडे चाकांना लागतील इतके जवळ आले होते.

"हं, पुरे झाला तमाशा," सासरे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच हसू आलं होतं. "आता तरी उजवी लावा, जावईबापू. डावी मी सकाळीच उड्डाणापुरतं ठेवून उपसलीय, तुमची जिरवायला."