दुसरा वाडगा

क्योटोच्या जुन्या वस्तीतल्या संध्याकाळच्या खाऊफेरीत सासूबाईंनी सूपचा वाडगा रिकामा केला आणि गाइड माझ्या कानाशी पुटपुटली, "सॉरी, यात सुक्या माशाचा कीस असतो." मी काही बोलणार, तोवर त्यांनी दुसरा वाडगा मागितला होता.

चाळीस वर्षं शुद्ध शाकाहारी बाई. माझा नवरा, प्रसन्न, हॉटेलवर म्हणाला, "आईला कळता कामा नये. खलास."

अबू धाबीला, खलिफा सिटीतल्या घरी परत येऊन महिना झाला, पण त्या सूपने आमची पाठ सोडली नाही. मी ऑफिसातून आले की सासूबाई किचनमध्ये येरझारा घालायच्या. "शुभ्रा, आज ते तिकडचं सूप जमतंय का बघ." मी मशरूम घातले, समुद्री शेवाळ घातलं. त्या एक घोट घ्यायच्या, मान हलवायच्या, पुन्हा येरझारा. सांगावं तर उपास धरून बसतील, न सांगावं तर हे असंच जन्मभर. माझी झोप उडाली.

काल त्यांनी चमचा खाली ठेवला आणि किचनचं दार लोटलं.

"प्रसन्न कधी येणार?"

"मीटिंग आहे. नऊ वाजतील."

"मग कोपऱ्यावरच्या मल्याळी ग्रोसरीत जा. सुकट मिळतं तिथे, मी बघून आलेय."

मी गॅस बंद केला.

"रेवदंड्याची आहे मी. ह्यांच्या घरात आले तेव्हा मासे सोडले. दुसरा वाडगा काय उगाच मागितला होता?"