इंदिराबाईंचा नंबर

"एकदम आराम आहे, डॉक्टरसाहेब. तुमच्या हाताला यश आहे," शालिग्रामजी हात जोडून म्हणाले, आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, पदराचं टोक घट्ट पिळलं. याच माणसाने कालची रात्र पलंगाच्या काठावर बसून काढली होती. आडवं झालं की त्याचा दम घुटत होता.

डॉक्टर अंबरीश केतकर खूश झाले. "छान! मग त्याच गोळ्या चालू ठेवू."

डॉक्टरांची तरी काय चूक? ते पुण्याचे. नुकतेच जबलपूरला आलेले. पुण्यात पेशंट दारातूनच सांगत येतो, की डॉक्टर, तुमच्या गोळ्या बंडल आहेत. तेव्हा जो तक्रार करत नाही तो बरा झाला, असं धरून चालायची त्यांना सवय. शिवाय बाहेर गर्दी मावत नव्हती.

आणि शालिग्रामजी खोटं बोलत होते म्हणावं, तर तसंही नाही. त्यांच्या धोट्यांच्या घरात पानात पडलेल्याला नावं ठेवत नाहीत. वरणात मीठ नसलं तरी "मस्त झालं" म्हणायचं आणि भुरका मारायचा. मग डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या औषधाला तोंडावर "गुण नाही आला" कसं म्हणायचं? तेही परमुलखात भेटलेल्या आपल्या मराठी डॉक्टरला? बडा फुहाऱ्याच्या बाजारात जन्मभर कापड विकलेला हा माणूस. त्याच्या जिभेवरची साखर काही उतरेना. दवाखान्यात जायचं म्हणून त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि नवे घट्ट मोजे. सुजलेले पाय त्या मोज्यांत झाकून गेले होते.

इंदिराबाई घरी नवऱ्याशी कडाकडा भांडत. पण चारचौघांत त्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांनी माहेरून पदराला बांधून आणलं होतं. "मी सांगून देऊ का डॉक्टरला?" असं सून अमिताने विचारलं, तेव्हा त्यांनीच डोळे वटारले होते. आज ऑटोत मात्र त्या नवऱ्याच्या हातापाया पडल्या होत्या. "सांगा ना हो खरं." तो "हो, हो" म्हणाला होता. एखाद्या सकाळी आपण उठू आणि हा उठणार नाही, या धास्तीने त्यांचा जीव अर्धा झाला होता.

"चल," शालिग्रामजी उठले.

इंदिराबाई बसूनच राहिल्या. तेवढ्यात दारातून कंपाउंडरने पुकारलं, "इंदिरा धोटे!"

"तुझा नंबर? तुला काय झालं?"

"काहून? मला काही होऊ नाही का?" इंदिराबाई पदर सावरून पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसल्या. नवरा बाहेर जोडे काढत होता, तेव्हा त्यांनी हळूच आपलं नाव लावलं होतं.

"बोला काकू, काय होतंय?"

"झोप नाही येत. दिवाळीपासून."

"काही काळजी? विचार?"

"विचार कायचा जी? बाजूला कोणी रात्रभर बसल्या बसल्या धापा टाकून राहिला, तर झोप कशी येईन? माझी उशीपण गेली. त्याला स्वतःच्या पुरत नाहीत."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आणि माझ्यानं चालणं होत नाही," इंदिराबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सराफ्यात गेलं की दर दुकानासमोर थांबा लागते. घेणं न देणं, उगीच हार पाहत उभं राहायचं, संगतच्याचा दम परत येईपर्यंत."

त्यांनी नवऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही, त्याचं नावही घेतलं नाही. शालिग्रामजी भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड लपवून उभे होते.

डॉक्टर पुण्याचे असले तरी समजदार होते. "काकू, तुमचं दुखणं कळलं मला," ते म्हणाले. "औषधही आहे. फक्त तपासावं लागेल काकांना."

मोजे उतरले. पोटऱ्यांवर इलॅस्टिकचा खोल वळ उमटला होता. डॉक्टरांनी बोट दाबलं, तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. मग त्यांनी छाती तपासली, ईसीजी काढला, आणि पुष्कळ वेळ दिला. हृदय थकलं होतं, छातीत पाणी साठू लागलं होतं. औषध आजच्या आज बदलायला हवं होतं. "पण वेळेत आलात," ते म्हणाले. "अजून सगळं हातात आहे." इंदिराबाईंनी इतका वेळ रोखून धरलेला हुंदका पदरात सोडून दिला.

"काका, इतके दिवस बोलला का नाहीत?"

शालिग्रामजी ओशाळले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, आणि ते त्यांना आज दिसत होतं. जन्मात कुणाच्या औषधाला, कुणाच्या वरणाला नाव न ठेवलेला तो माणूस हात जोडून डॉक्टरांकडे वळला.

"वाईट नका मानू, डॉक्टरसाहेब," शालिग्रामजी म्हणाले, "पण तुमच्या गोळ्यांनी हिला बिल्कुल आराम नाही."