वाचणाऱ्याची जागा

चात्तूने मिरीच्या भावाची बातमी संपवली, घसा खाकरला आणि तो ओमानकडच्या वादळाकडे वळला. समोर आमदार अंबू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसला होता. आमदार झाला तरी सकाळचा हा तास त्याने कधी सोडला नव्हता. हात विडीत, कान चात्तूकडे.

सवय जुनी होती. कल्लिकडवच्या विडी कारखान्यात एकाने मोठ्याने पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटणीच्या विड्या वळायच्या, अशी रीत. चात्तू तिथला वाचणारा. तिसरीतून शाळा सोडलेला अंबू त्याच्याच आवाजातून दुनिया शिकला, कामगारांचा पुढारी झाला आणि पाच वर्षांपूर्वी लाल झेंड्यावर निवडून येऊन थेट विधानसभेत बसला. कारखाना बंद पडला, तेव्हापासून चात्तू अंबूच्या ओसरीवर येऊन वाचू लागला.

गावाला मात्र भलताच संशय होता. अंबूने शपथ घेतली ती कागदाची घडी करून, तोंडपाठ. विधानसभेत तासतासभर बोलायचा, पण हातात चिटोरा नसायचा. फायली आल्या की खोलीचं दार लावून घ्यायचा आणि सकाळी त्यातला आकडा न् आकडा तोंडावर. "बायको वाचून दाखवते," असं लोक म्हणायचे. अंबू आणि माधवी दोघंही हसून सोडून द्यायचे.

चात्तूचं मात्र सगळ्यांना कौतुक. पहाटे साडेपाचला त्याच्या घरच्या रेडिओवर बातम्या ठणाणा सुरू व्हायच्या आणि अर्धी आळी शिव्या घालत उठायची. मग आंघोळ करून, जाड भिंगाचा चष्मा चढवून, काठी टेकत तो हजर. सत्तरी उलटली तरी वाचताना एक शब्द अडखळत नसे.

माधवीने काळा चहा आणला. चात्तूचा पेला नेहमीप्रमाणे अंबूने स्वतः दिला. चात्तूची बोटं पेल्याला नीट लागेपर्यंत त्याने तो सोडला नाही.

एवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पक्षाचा जिल्हा सेक्रेटरी भार्गवन घाम पुसत ओसरीवर आला. मोठ्यांना तो गावच्या रीतीने ‘एट्टा’, म्हणजे दादा, म्हणायचा.

"अंबूएट्टा, आजचं पहिलं पान बघितलंत ना?"

अंबूने हातातल्या विडीला दोरा गुंडाळला. चात्तूचा चेहरा पडला.

"फोटोसकट छापलंय. ‘आमदार निरक्षर?’ म्हणून. चात्तूएट्टाने वाचलं नाही वाटतं."

"असलं वाचवत नाही रे मला," चात्तू पुटपुटला आणि त्याने पेपरची घडी घातली.

"तुम्ही मायेची माणसं. विरोधक तसे नाहीत." भार्गवनने खुर्ची ओढली. "दुपारी कमिटी नाव ठरवतेय. पुन्हा उभं राहायचंय का?"

"राहायचंय म्हणजे? पुलाचे दोन खांब नदीत उभे आहेत, बगळे बसतात त्यांच्यावर. मला त्या पुलावरून आमदार म्हणून चालत जायचंय." अंबूने हे हसत सांगितलं, पण त्याला ते मनापासून हवं होतं. त्या पुलासाठी त्याने तिरुवनंतपुरमला किती जोडे झिजवले होते.

"मग संध्याकाळच्या सभेत हाच पेपर हातात घ्या आणि खडाखडा वाचून दाखवा. आणि उद्यापासून हे ओसरीवरचं वाचन बंद. तुम्हाला वाचता येत असेल, तर चात्तूएट्टाला रोज कशाला बसवता, हे लोक विचारणारच."

चात्तूने काठी जवळ ओढली. तो उठला नाही, पण उठायच्या बेतात होता.

"आणि नाही वाचलं तर?" अंबूने विचारलं.

"तर सुजाता टीचर. दोन पदव्या आहेत."

"हुशार बाई आहे. पुलाचं सगळं नीट समजावून देईन तिला."

भार्गवनने आवाज खाली आणला. "आपल्यात सांगा. येतं ना वाचायला?" त्याने पेपर पुढे केला. "एवढा एक मथळा वाचा. बाकी मी बघतो."

अंबूने पेपरला हात लावला नाही. "वाचणाऱ्याची जागा चात्तूएट्टाची. तो आहे तोवर मी कशाला वाचू? माझ्याकडे विड्या वळायचं काम आहे."

जे समजायचं ते समजून भार्गवनने पेपर चात्तूच्या मांडीवर ठेवला. "निदान साक्षरतेच्या वर्गाला तरी बसायचं होतंत हो," एवढं म्हणून तो गेला. त्याचं फार वाईटही वाटून घ्यावं असं अंबूला वाटलं नाही. पोरगा मनाने चांगला होता.

"माझ्यापायी तिकीट घालवलंस," चात्तू म्हणाला.

"मग काय करू? तू गेल्यावर सकाळी काय ऐकू? माधवीची कटकट?"

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला. दोघंही खो खो हसले.

अंबूला खरोखरच बरं वाटत होतं. पूल होणारच होता. आमदार म्हणून नाही, तर नुसता अंबू म्हणून त्यावरून चालायचं. चात्तूचा हात धरून.

"वाच पुढे. त्या वादळाचं काय झालं?"

चात्तूने पेपर उलगडून समोर धरला, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वादळ किनाऱ्याला आणलं.

अंबूच्या समोर पहिलं पान आलं. त्यावर त्याचा स्वतःचा फोटो होता, खाली डोकं वर पाय. वरचा मथळा त्याने सरावाने उलटाच वाचून काढला, मग खालचा बारीक मजकूरही. त्यात पुलाचे खांब तीन लिहिले होते. तो गालात हसला. "आधी चहा पी, निवला," म्हणत त्याने पेपर काढून घेतला, चात्तूची बोटं पेल्याला लागू दिली आणि परत देताना पेपर, रोजच्यासारखाच, सुलटा करून त्याच्या हातात दिला.