अठ्ठाविसावी जागा

"एकाहत्तर आणि सत्तर," ड्वाइट म्हणाला. "ब्रिन आत, हमदी बाहेर. संपलं. मला चार वाजता स्कूलबसवाल्यांशी डोकं फोडायचंय."

वर्ना उठली नाही. मेअखेर शाळेचं वर्ष संपत आलं की तिचे पाय असेच भरून येत. सेंट क्लाउडच्या या शाळेत तिने तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मुख्याध्यापक पाच पाहिले होते, ड्वाइट पाचवा, आणि पाचही जणांना चार वाजता कुठे ना कुठे जायचं असायचंच.

प्रश्न एका जागेचा होता. आठवीच्या बीजगणिताच्या वर्गात अठ्ठावीसच मुलं घ्यायची, असा शिक्षक युनियनचा करार होता. करारावर युनियनच्या वतीने वर्नाचीच सही होती. हा वर्ग ज्याचा हुकला, तो शाळा संपेपर्यंत गणितात मागेच राहतो आणि इंजिनिअरिंगचं नाव सहसा काढत नाही. वर्गात कोण जाणार, ते परीक्षेच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममधला तक्ता सांगायचा. दर मुलाचा एक ठिपका. पहिले अठ्ठावीस हिरवे, बाकीचे राखाडी.

"हमदीला मी वर्षभर रोज पाहिलंय," वर्ना म्हणाली.

"आणि मी तक्ता पाहिलाय. तक्त्याची कुणी लाडकी नसते, वर्ना."

टोमणा वर्मी लागला. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला, सेटिंगमध्ये जाऊन एक खूण केली. प्रत्येक ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना फिकट पट्टा उमटला.

"हे काय आणि?"

"असाच पेपर उद्या पुन्हा दिला, तर पोरीचे गुण कुठून कुठवर जाऊ शकतात, ते. हमदीचे सत्तर म्हणजे चौसष्ट ते शहात्तर. ब्रिनचे पासष्ट ते सत्त्याहत्तर."

ड्वाइटने चष्मा चढवला. दोघींचे पट्टे जवळजवळ एकावर एक बसले होते. त्याने तक्त्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. विसाव्या मुलापासून चाळिसाव्यापर्यंत सगळेच एकमेकांत गुंतले होते.

"हे आधी का नव्हतं?"

"होतं. सहा वर्षांपूर्वी हा प्रोग्रॅम आला आणि पहिल्याच वर्षी पालकांचे फोन सुरू झाले. नक्की आकडा सांगा, हे काय गोलगोल! मी कंटाळले आणि पट्टे बंद करून टाकले." सांगताना तिला लाज वाटली. "नुसता ठिपका दिसला की कुणी काही विचारत नाही."

"पुन्हा परीक्षा घेऊ दोघींची."

"फेरपरीक्षेची मुदत सोमवारी संपली."

ड्वाइटने घड्याळाकडे पाहिलं, पण तोही उठला नाही. "मग करायचं काय?"

"दोघींच्या नावाच्या चिठ्ठ्या कर. तुझ्या टोपीत टाक. एक उचल."

"डोकं फिरलंय का तुझं? पोरींच्या भविष्याच्या चिठ्ठ्या काढायच्या? हमदीच्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"सहा वर्षं आपण चिठ्ठ्याच काढतोय, ड्वाइट," वर्ना म्हणाली. "फक्त ज्यांची निघाली नाही, त्यांच्या आयांना फोन करून मी सांगत होते, तुमचं मूल कमी पडलं."